चकतीचे मैदान आणि सावेडीचे मोकळे माळ

नगर शहरातून मनमाडच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे सावेडी नेमकी कोठे लागली, हे आता कोणासही सांगता यावयाचे नाही. पूर्वी शहर आणि सावेडी यांच्यामध्ये शेते होती आणि सावेडी हे आपल्या शिवारात वसलेले एक स्वतंत्र गाव होते. आज प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, तपोवन रोड, भिस्तबाग चौक ही नावे एकास एक लागून आली आहेत, आणि मधली शेते केवळ जुन्या खरेदीखतांत उरली आहेत. शाळा-कॉलेजांतून, बँकांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली पुष्कळ कुटुंबे येथे घरे बांधून स्थायिक झाली. त्यांपैकीच आमचे एक. जागेला नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही. समुद्रसपाटीपासून उंची दोन हजार फुटांहून अधिक, हवा कोरडी, पाऊस वर्षाकाठी वीस-बावीस इंच, तोही मनात आले तर. उन्हाळ्यातसुद्धा दिवे लागणीनंतर गच्चीवर वाऱ्याची झुळूक लागते. उणीव एकच, आणि ती दरवर्षी थोडी थोडी वाढत आहे : वृद्धांना पाय मोकळे करावयास आणि मुलांना हात मोकळे करावयास येथे जागा उरलेली नाही.

ही उणीव नगरास तर मुळीच शोभत नाही. कारण हे शहरच मुळी एका बागेतून निघालेले आहे. २८ मे १४९० रोजी अहमद निजामशहाने बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्या विजयाच्या जागी प्रथम जे केले ते हे, की एक बाग लावली. किल्ला आणि पेठा मागाहून आल्या. पुढे याच घराण्याच्या काळात फराहबाग झाली, आणि सावेडीच्या शिवारात भिस्तबाग झाली. भिस्त म्हणजे फारसीतील बिहिश्त, अर्थात स्वर्ग. मध्ये अष्टकोनी तळे, सभोवती झाडी आणि दुरून नळांनी आणलेले पाणी, असा त्या स्वर्गाचा थाट होता. आता त्याच्या पडक्या वास्तू उभ्या आहेत आणि नाव एका चौकास व एका बस थांब्यास मिळाले आहे. (शहराचे नावही आता अहिल्यानगर झाले, पण आमच्यासारख्यांच्या तोंडून ‘नगर’ इतक्यात सुटावयाचे नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.)

मोकळ्या जागेचा हा विचार मनात पक्का झाला तो मात्र सावेडीत नव्हे, येथून सुमारे चौदा हजार किलोमीटरांवर. २०१९ साली आम्ही उभयता चिरंजिवांकडे कॅलिफोर्नियात तीन महिने राहिलो. त्यांचे बिऱ्हाड लॉस एंजेलिसच्या उत्तरेस, पॅसाडेना शहराजवळ. परदेशी गेलेल्या आईबापांचा दिनक्रम वाचकांना ठाऊकच आहे. सकाळी मंडळी कामावर गेली की घर गप्प होते, आणि मोटारीवाचून कोठे जाता येत नाही. तेव्हा एका रविवारी चिरंजीव म्हणाले, “बाबा, आज तुम्हांला एक मैदान दाखवतो. तिकीट नाही, रांग नाही, आणि आईलाही चालवेल इतपतच चढ आहे.” नातू त्या वेळी आठ वर्षांचा होता. त्याच्या हातात रंगीत प्लॅस्टिकच्या तीन चकत्या होत्या. आपल्याकडे ताटल्या ठेवतात तशा एकीवर एक ठेवलेल्या.

त्या जागेचे जुने नाव ओक ग्रोव्ह, म्हणजे ओक वृक्षांची राई. हल्ली तो भाग हहामोंगना नावाच्या मोठ्या उद्यानात मोडतो. हे नाव त्या प्रदेशातील मूळच्या टोंग्वा लोकांच्या भाषेतील आहे. पाठीशी सॅन गॅब्रिएलचे उघडे डोंगर आहेत, आणि बाजूने एक नदी वाहते, किंवा बहुतेक दिवस वाहत नाही. तिचे स्पॅनिश नाव आरोयो सेको, म्हणजे कोरडा ओढा. सीनेच्या काठी ज्याचे आयुष्य गेले त्यास अशी नदी पाहून परके वाटण्याचे कारण नाही. पाऊसही आपल्यासारखाच, वीस इंचांच्या आसपास. फक्त तो हिवाळ्यात पडतो. नदीच्या एका काठास अंतराळात याने पाठविणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ही जगप्रसिद्ध संस्था आहे, आणि तिच्या शेजारच्या राईत माणसे चकत्या फेकीत हिंडत असतात. दोन्हीकडचा उद्योग तत्त्वतः एकच, असे आमचे चिरंजीव थट्टेने म्हणाले.

हा खेळ म्हणजे चकतीचा गोल्फ. गोल्फमध्ये काठीने चेंडू टोलवीत तो खळग्यात घालावयाचा असतो. येथे हाताने चकती फेकीत ती टोपलीत टाकावयाची असते. लोखंडी खांबाला कमरेइतक्या उंचीवर एक जाळीची टोपली आणि तिच्यावर वर्तुळाकार लोंबणाऱ्या साखळ्या, असे हे लक्ष्य असते. चकती साखळ्यांवर आदळून तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. त्या वेळी साखळ्यांचा जो झणत्कार होतो तो ऐकण्यासाठीच मुले हा खेळ खेळतात, अशी माझी समजूत आहे. पहिली फेक ठरलेल्या जागेवरून. मग चकती पडेल तेथून दुसरी. सर्वांत कमी फेकांत जो अठरा टोपल्या पुऱ्या करील तो जिंकला. आपल्या विटीदांडूत विटी किती दूर गेली ते वकट-लेंड करीत मोजावयाचे. येथे अंतर ठरलेले आणि फेका मोजावयाच्या, इतकाच फरक.

ओक ग्रोव्हचे महत्त्व असे, की चकतीच्या गोल्फचे जगातले पहिले कायमचे मैदान येथे झाले. साल १९७५. ते आखणारे एड हेड्रिक हे फ्रिस्बी बनविणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते. फ्रिस्बी हवेत सरळ व स्थिर जावी म्हणून तिच्या पाठीवर जे उंचवटे असतात, त्यांचे पेटंट १९६७ साली यांनाच मिळाले होते. आरंभी लक्ष्य म्हणून साधे खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून वाद होऊ लागले, तेव्हा त्यांनी साखळ्यांची टोपली काढली आणि तो तंटा मिटविला. २००२ साली ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची रक्षा मिसळून चकत्या तयार करण्यात आल्या. आमच्या सौ.ला ही गोष्ट ऐकून प्रथम कसेसेच झाले, पण नंतर ती म्हणाली, “गंगेत सोडतात, तशी त्यांनी वाऱ्यात सोडली म्हणायचे!”

तथापि खेळाची कल्पना याहून जुनी आहे. १९२६ साली कॅनडातील ब्लॅडवर्थ नावाच्या लहानशा गावी शाळेतील मुले डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून असाच खेळ खेळत. वाळूत आखलेले वर्तुळ हीच त्यांची टोपली. हे मला फार आवडले. कारण यावरून दिसते, की या खेळाला मुळात पैसा लागत नाही. झाकण, वर्तुळ आणि त्या दोहोंमधली मोकळी जमीन एवढेच लागते.

आता त्या मैदानाचे गुण. पहिला गुण असा, की तेथे जाऊन उभे राहिले तर मैदान आहे असे वाटतच नाही. हिरवळ नाही, कुंपण नाही, बाकांची रांग नाही. मोठाले जुने ओक आहेत, खाली वाळलेली पाने आणि खडबडीत जमीन. टोपल्या झाडांमधून अशा लावलेल्या, की झाड हाच खेळातला प्रतिस्पर्धी होतो. चकती त्याच्या डावीकडून न्यावी की उजवीकडून, यातच सारी बुद्धी खर्च व्हावयाची. उजव्या हाताने नेहमीच्या रीतीने फेकलेली चकती वेग मंदावताच शेवटी डावीकडे वळते. हे लक्षात घेऊन जो फेकतो त्याचे झाड चुकते. खऱ्या गोल्फसाठी शेकडो एकर हिरवळ पाणी पाजून जगवावी लागते, आणि वीस इंच पावसाच्या मुलखात ते पाणी कोणाच्या तरी तोंडचे असते. येथे झाडांना जे आकाशातून मिळते तेच. गोल्फ आपल्या देशातही जुना आहे, कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. परंतु तो आजतागायत सभासदांचा खेळ राहिला. ओक ग्रोव्हमध्ये सभासद कोणी नाही. वर्गणी नाही, आणि एका चकतीला पंधरा-वीस डॉलर पडले की ती वर्षानुवर्षे चालते.

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. त्या दिवशी आमच्यापुढे एक तरुण जोडपे व त्यांची लहान मुलगी, आणि मागे माझ्याच वयाचे दोन गृहस्थ होते. असे खेळ थोडे, की ज्यांत आठ वर्षांचा नातू आणि सत्तरीकडे झुकलेला आजोबा एकाच वेळी, एकमेकांसाठी न थांबता, खेळू शकतात. बुद्धिबळात ते होते, पण त्यात चालणे नाही. येथे अठरा टोपल्या पुऱ्या होईतो दोन तासांची चाल होते, आणि डॉक्टरांनी सांगितलेले फिरणे हेच, ही गोष्ट ध्यानात येत नाही. नातवाने मला पाच फेकांनी हरविले. त्याने माझ्याशी त्या दोन तासांत जितके बोलणे केले तितके आधीच्या तीन आठवड्यांत केले नव्हते. त्यातले निम्मे “आजोबा, मनगट वळवू नका” हे होते, ही गोष्ट वेगळी.

पण अवगुणही सांगितलेच पाहिजेत. आणि ते याच गुणांच्या पाठीशी उभे आहेत. मैदानाला कुंपण नाही म्हणून ते सर्वांचे आहे, आणि सर्वांचे आहे म्हणूनच राईतून फिरावयास येणारी माणसे, कुत्री घेऊन येणारी, घोड्यावर बसून येणारी, ही सारी खेळाच्या वाटेत येतात. चकती ही पाहावयास खेळण्यासारखी असली तरी मारावयास खेळणे नव्हे. समुद्रकिनाऱ्यावरील फ्रिस्बीहून ती लहान, जड आणि कडेला पातळ असते. निष्णात खेळाडूच्या हातून सुटलेली चकती ताशी साठ मैलांहून अधिक वेगाने जाते, आणि ती येताना आवाज करीत नाही. तेव्हा सगळी मदार फेकणाऱ्याच्या सभ्यतेवर. समोर कोणी दिसले तर थांबावयाचे, हा नियम पुस्तकात आहे; पण नियम पाळणारा खेळाडूच, आणि पाळला की नाही हे पाहणाराही खेळाडूच. जेथे ही शिस्त लोकांच्या अंगी मुरलेली नाही तेथे असे मैदान एका महिन्यात भांडणाचे कारण व्हावयाचे.

झाडांनाही या खेळाची किंमत मोजावी लागते. एकाच बुंध्यावर वर्षानुवर्षे चकत्या आदळल्या की साल सोलते; आणि जेथून सर्वजण फेकतात व जेथे सर्वजण चकती उचलतात, तेथील माती पावलांनी दगडासारखी घट्ट होते, मुळांना पाणी लागत नाही. म्हणून जाणते लोक बुंध्यांभोवती लाकडी वेष्टन घालतात आणि टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलतात. शिवाय त्या मुलखातील झुडपांत एक वेल अशी आहे, की तिच्या पानाचा स्पर्श झाला तर अंगावर फोड उठतात. आणि खुळखुळ्या साप आहेत. चकती झुडपात गेली म्हणजे ती आणावयास कोणी जावे, यावर घराघरांत वाटाघाटी होतात. नवशिक्याच्या चकत्या झुडपातच जातात, हे सांगणे नको.

हे सारे सावेडीस कसे लागू पडते? आपल्याकडे या खेळाचे नाव ऐकलेली माणसेही थोडी. परंतु जमिनीचा विचार केला तर सावेडीचे माळ त्या राईपेक्षा कमी योग्य नाहीत. मुरमाड जमीन, चिखल राहत नाही. वर्षातले आठ-नऊ महिने आकाश निरभ्र. वाईट एवढेच, की सावली नाही. तेथे ओक शंभर-शंभर वर्षांचे. येथे बाभूळ, सुबाभूळ आणि बोर, त्यांत सावलीपेक्षा काटे अधिक. ज्येष्ठ-आषाढात वारा इतका सुटतो, की चकती समोर फेकली तर ती शेजारच्या वॉर्डात शोधावी लागेल. खुळखुळ्या नसला तरी घोणस आहे, आणि ती खुळखुळण्याची सूचना देत नाही.

भिस्तबागेजवळचे मैदान डोळ्यांसमोर येते खरे. पण वास्तूच्या अगदी अंगास टोपल्या रोवण्यास मी मत देणार नाही. पाचशे वर्षे टिकलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर पोरांच्या चकत्या आदळाव्यात, हे बरे नव्हे. वास्तूपासून चांगले अंतर सोडून, उरलेल्या माळावर कडुनिंब लावून ठेवावेत आणि दहा वर्षे काही बांधू नये. एवढे झाले तरी नऊ टोपल्यांचे मैदान तेथे आपोआप तयार होईल. या खेळास एका टोपलीमागे सरासरी एकरभर जमीन धरतात. लहान मुलांसाठी त्याहून पुष्कळ कमी चालते. शहरात वाडिया पार्क आहे, पण ते क्रिकेटचे आणि शर्यतींचे. सावेडीचा वृद्ध तेथवर रिक्षाने जाऊन काय फिरणार? भिंगारच्या छावणीकडे मोकळी जमीन अफाट, पण ती लष्कराची. तिच्याकडे रस्त्यावरून पाहावे आणि पुढे जावे.

राहिली आमच्या दारातली जागा. बांधकामाच्या नियमांप्रमाणे मोठ्या भूखंडाचे प्लॉट पाडताना दहा टक्के जमीन मोकळी सोडावी लागते. तिला सारे ‘ओपन स्पेस’च म्हणतात, मराठी शब्द कोणी केला नाही, बहुधा ती फार दिवस मोकळी राहत नाही म्हणून. सावेडीत अशा जागा कॉलनीगणिक आहेत. कोठे देऊळ झाले, कोठे सभामंडप, कोठे हिरव्या-पिवळ्या रंगाची व्यायामाची यंत्रे, ज्यांवर आता कपडे वाळतात. देवळाला माझा विरोध नाही, मी रोज जातो. परंतु जी जमीन मोकळी ठेवा असे कायदा सांगतो, तिच्यावर काही तरी उभे केल्याशिवाय आपल्याला चैन का पडत नाही, हे मला उलगडलेले नाही.

२०२३ च्या जूनमध्ये नातू सावेडीस आला, तो पाच चकत्या घेऊनच. आमच्या कॉलनीची ओपन स्पेस तोवर रिकामी होती. एका कोपऱ्यात कडुनिंब, दुसऱ्या कोपऱ्यात कोणाच्या तरी घराची उरलेली वाळू. टोपली कोठून आणावी? त्याने स्वयंपाकघरातील कपडे भिजविण्याचे टोपले मागितले, ते सौ.ने दिले नाही. मग एक फुटके घमेले विटांवर उपडे न ठेवता उताणे ठेवले आणि त्याच्यावर सायकलची जुनी साखळी कडुनिंबाच्या फांदीला टांगली. झणत्कार अगदीच बेताचा होता. पण तिसऱ्या दिवशी कॉलनीतील नऊ मुले जमली, त्यांत चार मुली. चकत्या पाच, म्हणून बाकीच्यांनी श्रीखंडाच्या डब्यांची झाकणे आणली. ब्लॅडवर्थची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती.

पहिल्या आठवड्यातच एक चकती एका मोटारीच्या आरशावर बसली. आरसा फुटला नाही. पण गाऱ्हाणे आले, आणि ते रास्त होते. मी मुलांना घेऊन बसलो आणि नियम केले : फेक रस्त्याच्या दिशेने करावयाची नाही, कोणी चालत असेल तर “थांब” असे ओरडून थांबावयाचे, सकाळी सातच्या आधी आणि दुपारी दोन ते चार खेळ बंद, कारण तेव्हा वडीलधारी माणसे निजतात. नियम मुलांनी पाळले. मोठ्यांपेक्षा पुष्कळ बरे पाळले, असे मी नमूद करतो. कारण त्याच जागेत रात्री मोटारी लावू नयेत हा नियम आम्ही मोठ्यांनी चार वेळा केला आहे.

नातू ऑगस्टात परत गेला, चकत्या येथेच ठेवून. त्यानंतर कॉलनीची सभा झाली. विषय होता, ओपन स्पेसला सिमेंटचे गट्टू बसवून एका बाजूस पत्र्याची शेड करावी की काय. शेजारचे एक निवृत्त अभियंता, अत्यंत सज्जन गृहस्थ, मला म्हणाले, “अहो, इतकी वर्षे जागा पडून आहे. तिचा काही तरी उपयोग व्हायला नको का?”

मी म्हटले, “मुले खेळतात की रोज.”

“खेळतात हो, पण झाले काय तेथे?”

त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पावसाळ्यात त्या जागेत गवत माजते, डास होतात. गेल्या वर्षी एक साप निघाला. शेड झाली तर मंगळागौर, बारसे, श्रद्धांजलीच्या सभा यांना आडोसा होईल, आणि हॉलचे भाडे आजकाल सामान्य कुटुंबाला परवडत नाही, हे मीही जाणतो. गट्टू बसविले तर आम्हां वृद्धांना ठेच न लागता चार फेऱ्या मारता येतील. पण गट्टूंवर उन्हाळ्यात दुपारी चारनंतरही पाय ठेववत नाही, पाणी जमिनीत मुरत नाही, आणि कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट गेले की त्याचे काय होते ते गुलमोहर रोडवर कोणीही पाहावे. मी सभेत एवढेच मागितले, की शेड करावयाची तर वाळूच्या कोपऱ्यात, वीस फूट बाय पंधरा फूट करा. उरलेल्या जागेत गट्टू नकोत. आणि गवत वर्षातून दोनदा कापण्याची मजुरी ज्येष्ठ मंडळींनी वाटून घ्यावी. सौ.ने त्यावर पुस्ती जोडली, की कपडे भिजविण्याचे टोपले आता जुने झाले आहे, ते मुलांना द्यावयास हरकत नाही.

सभेत सात मते इकडे आणि सात तिकडे पडली. अध्यक्षांनी आपले मत राखून ठेवले असून, पुढील सभा दिवाळीनंतर बोलावली आहे. तोवर मी जागा पावलांनी मोजून ठेवली आहे : पूर्व-पश्चिम चौपन्न पावले, दक्षिणोत्तर एकतीस. त्यात लहान मुलांच्या तीन टोपल्या नीट बसतात, चौथी बसवावयाची तर कडुनिंबाला वळसा घालून फेकावे लागेल, आणि मुलांना नेमकी तीच हवी आहे.